कडीला अडकवलेला डबा

दुपारी बाराच्या सुमारास बाइंडरकाकांच्या दाराची कडी वाजली आणि ते दार उघडेपर्यंत जिना रिकामा झाला होता. कडीला डबा लोंबकळत होता. एकट्यादुकट्या गरीब म्हाताऱ्यांसाठी वस्तीतल्या समितीने ही फुकट सोय केली होती. म्हाताऱ्यांना उगीच त्रास नको, म्हणून डबे पोचवणाऱ्यांना बोलायची मनाई होती. रिकामा डबा परत आला की म्हातारा खुशाल आहे असं समजायचं, इतकी सोपी पद्धत.

चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेल्या हातांना आता काम नव्हतं. काका खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. परगावचा मुलगा रविवारी फोनवर "बरं आहे ना?" विचारायचा आणि उत्तराच्या आतच "बरं असलं म्हणजे झालं" म्हणून मोकळा व्हायचा. काकांना घास उतरत नव्हता. ते डबा कावळ्यांना घालत, लख्ख घासून परत अडकवत. समितीच्या लेखी खाऊनपिऊन सुखी. कावळे तर होतेच.

आज मात्र त्यांनी डबा भरलेलाच ठेवला. बघू तरी, कोणी विचारतंय का. दुसऱ्या दिवशीही ठेवला. तिसऱ्या दिवशी दाराला कान लावून बसले, उठले, पुन्हा बसले. चौथ्या दिवशी नव्या डब्यावर चिठ्ठी आली: 'कृपया डबा रिकामा करून ठेवावा.'

काका चिठ्ठी घेऊन तडक समितीच्या स्वयंपाकघरात गेले.

"आजोबा, तुम्ही कशाला जिने उतरलात?" प्रमुखबाई म्हणाल्या. "जेवणात काही कमीजास्त होतंय का?"

"कावळ्यांची तक्रार नाही."

"म्हणजे?"

"मी कित्येक दिवस चहावर आहे, बाई."

"अहो, मग डॉक्टरांना दाखवा."

"दाखवतो की. पण समोर बसून कोणी जेवलं, तर घास उतरतो का तेही बघायचंय."

मोरीपाशी भांडी घासणारी मावशी मान वर न करता म्हणाली, "काका, तुमच्याच इमारतीत तळमजल्यावर शिवणवाल्या आजी आहेत ना, त्यांचा डबा नऊ दिवस भरलेला येतोय. मी सांगितलं, तर बाई म्हणाल्या, चव आवडत नसेल."

काका म्हणाले, "आम्हा दोघांचे डबे माझ्याकडे द्या."

"पण आजोबा, बोलायचं नाही असा नियम..."

"तो तेवढा कडीला अडकवा."

आजींच्या दाराची कडी वाजवून काका तिथेच उभे राहिले.

"अडकवून जा," आतून आवाज आला.

"नाही जात."

मग काहीच ऐकू येईना. काकांनी पुन्हा कडी वाजवली, पुन्हा वाजवली.

"कोण आहे?"

"वरचा बाइंडर. मला एकट्याला जेवण जात नाही."

आत खाट करकरली. पावलं दारापर्यंत यायला फार वेळ लागत होता. तेवढा वेळ त्या दाराशी आजवर कोणी थांबलंच नव्हतं.