पाव्हण्यांच्या सुपात शेंगा

उन्हाळ्यात आमच्या घरी कुणाला एकट्यानं वाचायची सोयच नव्हती. बियाणाच्या भुईमूग शेंगा हातानंच फोडाव्या लागतात, नाहीतर दाणा दुखावतो आणि उगवत नाही. म्हणून दुपारची जेवणं झाली की सोप्यात शेंगांचा ढीग पडायचा, प्रत्येकजण सूप घेऊन बसायचा आणि माझी थोरली बहीण अंजनाअक्का रहिमतपूरच्या वाचनालयातून आणलेली कादंबरी मोठ्यानं वाचायची. कऱ्हाडला कॉलेजात जाणारा सयाजीदादा एरवी घरात मोठा शहाणा, पण तोही तेव्हा मुकाट बसायचा. मी मॅट्रिक झालेली होते, मला वाचता येत नव्हतं असं नाही. पण अक्कानं वाचलं की गोष्टीतली माणसं उठून आमच्या सोप्यात यायची.

नियम आबांनी केलेला. मधे बोलेल त्याच्या सुपात ओंजळभर शेंगा जादा. अंमलबजावणी आईकडं, आणि आई नवऱ्याचीही गय करत नसे. सगळ्यात जास्त ओंजळी आबांच्याच सुपात पडायच्या, कारण गोष्टीतल्या माणसांना सल्ला दिल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात अक्काला आष्ट्याचं स्थळ आलं. मुलगा लालासाहेब, मिलिटरीत नायक, रजेवर आलेला. ऊस, विहीर, माणसं, सगळं नाव घेण्यासारखं. पण अक्कानं याआधी दोन स्थळं मोडली होती. दोन्हीकडच्या पाव्हण्यांनी हसत हसत सांगितलं होतं, लग्न झाल्यावर पुस्तकं बंद. अक्कानं आबांना तोंडावर सांगितलं, "ज्या घरात मोठ्यानं वाचता येत न्हाई, त्या घरात मी जायची न्हाई." आबांना लेकीचं कौतुक, आईला काळजी. हे तिसरं स्थळही हातचं गेलं तर गावात काय तोंड दाखवायचं, असं तिनं देवापुढं इतक्या मोठ्यानं विचारलं की शेजाऱ्यांनाही कळलं.

पाव्हणे आले. मुलाचे वडील हंबीरराव, आई साळूबाई आणि मागं नवरा मुलगा, ताठ. पेरणी तोंडावर, त्यामुळं शेंगांचा ढीग सोप्यातच होता आणि त्याच्याच कडेला सगळे टेकले. पोहे झाले, चहा झाला. हंबीरराव शेवटी शेतकरी माणूस. बोलता बोलता त्यांचा हात ढिगाकडं गेला आणि समोरच्या सुपात ते शेंगा फोडू लागले. आबांनी "ऱ्हाऊ द्या" म्हणून बघितलं, मग तेही फोडू लागले.

"पोरगीला वाचाया येतं न्हवं?" हंबीररावांनी विचारलं. "मग दाखवू द्या की वाचून."

अशा वेळी मुलीच्या हातात वर्तमानपत्र द्यायची रीत. आईनं ते काढूनही ठेवलं होतं. पण अक्का आत गेली ती कादंबरी घेऊनच आली, आणि आदल्या दिवशी आम्ही थांबलो होतो तिथूनच तिनं सुरुवात केली. नदीला पूर आलेला, नावाडी तापानं फणफणलेला, पलीकडच्या काठावर बाळंतीण अडलेली आणि नावाड्याची मुलगी नावेचा दोर सोडायला निघालेली.

दोन ओळी वाचून थांबायचं असतं. अक्का थांबली नाही. आम्हीही तिला थांबवलं नाही, कारण ती मुलगी पोचते का बुडते याचा घोर आम्हाला कालपासून लागला होता. पान उलटलं. नाव भोवऱ्यात सापडली.

"आवं, पर एकटीच कशी जाईल ती?" हंबीरराव ओरडले. "गावात गडीमानसं मेली काय?"

आईनं पुस्तकावरची नजर न काढता ओंजळभर शेंगा उचलल्या आणि त्यांच्या सुपात टाकल्या.

आईनं जीभ चावली. पाव्हण्याला, तेही व्याही व्हायला आलेल्या माणसाला, कामाला लावलं होतं! आबांनी खाकरून, चाचरत नियम सांगितला. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

हंबीररावांनी सुपाकडं बघितलं, आईकडं बघितलं. "म्हंजी चुकी माझीच की," म्हणाले आणि एवढ्या मोठ्यानं हसले की दारातली कोंबडी फडफडत पळाली. "फोडतो बाई, फोडतो. पोरी, वाच तू!"

पण अक्कानं पुस्तक मिटलं. तिला जे विचारायचं होतं ते मुलीनं विचारायची रीत नव्हती.

"पुढं?" साळूबाईंनी विचारलं. आल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "मिटलंस का ग?"

"वाचू?"

"वाच की. मला अक्षर येत न्हाई. ल्योकाचं पत्र आलं की पोस्टमन वाचून दावतो, तेबी उभ्या उभ्या. गोष्ट वाचून मला कुनी दाखिवलीच न्हाई." आणि डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "आमच्यात आलीस तर रोज वाचशील?"

अक्का पाटावरून उठली आणि साळूबाईंच्या शेजारी, अगदी मांडीला मांडी लावून बसली. तिनं पुस्तक उघडलं. भोवऱ्यापासून पुढं वाचायला लागली. शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली तेव्हा हंबीरराव उठले, तर साळूबाई म्हणाल्या, "तुमी व्हा फुडं. पोरगी अजून पान्यात हाय." लालासाहेब उठलाच नव्हता. त्याच्यापुढं फोडलेल्या दाण्यांची रास सगळ्यात मोठी होती.

पाव्हणे जेवायला राहिले. पिठलं ढवळता ढवळता आईनं दबक्या आवाजात अक्काला विचारलं, "मग? नवरा कसा वाटला?"

"त्यांच्याकडं नीट बघितलंच न्हाई ग," अक्का लाजून म्हणाली. "पर सासू मला पसंत हाय."

आई हसता हसता रडली, का रडता रडता हसली, ते मला आजही सांगता यायचं नाही. तिनं पिठलं माझ्यावर सोपवलं आणि साखरेचा डबा घेऊन ती बाहेर गेली.