ब्याऐंशी अंशांचा सूड

जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी डोळे पुसतात. मी पुसणार नाही. मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे, आणि मी डूख धरून आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे काय, ते सांगतोच. गाडीचं इंजिन तापतं. त्याला निववायला त्याच्या अंगातून पाणी फिरतं, पुढच्या जाळीदार रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं आणि परत येतं. त्या वाटेवरचं दार म्हणजे मी. मुठीत मावेन एवढाच. कारखान्यात माझ्या तांब्याच्या पोटात मेण भरलं, कमरेला स्प्रिंग घातली आणि कपाळावर आकडा ठोकला: ८२. पाणी ब्याऐंशी अंशांवर पोचलं की मेण वितळून फुगतं आणि मी उघडतो. त्याआधी नाही. कारण इंजिनाला जसा जास्त ताप सोसत नाही, तसा गारठाही सोसत नाही. यातली दुसरी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरत नाही, आणि माझं सगळं रामायण तिथेच घडलं.

मला बसवलं ते एका बेकरीच्या व्हॅनमध्ये. दादा भट्टी सांभाळायचे आणि वहिनी व्हॅन चालवायच्या. शाळा, दवाखाने, दुकानं, सगळीकडे पाव पोचवायच्या. (मी त्यांना दादा-वहिनी म्हणतो, कारण आमचा गॅरेजवाला दादांचा सख्खा धाकटा भाऊ, आणि माझी भाषा मी त्याच्याकडूनच उचलली.) अकरा वर्षं तापमानाचा काटा बरोब्बर मध्यावर उभा राहिला. काटा मध्यावर असला की कुणी कौतुक करत नाही, हे मी फार लवकर शिकलो. फक्त एकदा, कडाक्याच्या थंडीत, वहिनी गाडीतल्या गरम हवेवर हात शेकत दादांना म्हणाल्या, "ही गाडी नाही हो, माझी दुसरी भट्टी आहे." ते एक वाक्य मी पुढची सगळी वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

मग एका उन्हाळ्यात चढावर काटा लाल रेघेला टेकला. वहिनींनी लगेच गाडी बंद केली आणि ती निवल्यावर गॅरेज गाठलं. गॅरेजवाल्या भावजींनी नळी सोडली आणि मला चिमटीत धरून बाहेर काढलं.

"हा बघा, वहिनी. चोर सापडला. पाणी अडवून बसलाय. काढून टाकतो, वाट मोकळी."

"पण तो लागत नाही का?"

"वीस वर्षं गाड्या उघडतोय मी. गाडीला थंडी वाजल्याचं ऐकलंय कधी?"

अकरा वर्षं पहारा दिला आणि पदरी काय, तर चोर. त्यांनी मला काळ्या तेलाच्या परातीत टाकलं. वहिनींनी उचललं, पुसलं आणि म्हणाल्या, "तांबं छान आहे. चिठ्ठ्यांवर ठेवायला होईल." झालं. त्या दिवसापासून मी बेकरीच्या टेबलावर ऑर्डरीच्या चिठ्ठ्या दाबून बसलो. वर पंख्याचा वारा, खाली बनपावांची यादी.

तिथे बसून मी ठरवलं. बघतोच आता.

आणि मित्रांनो, काय मजा आली म्हणून सांगू. काटा अगदी तळाला जाऊन बसला. भावजी येता-जाता मिरवायचे, "बघा, कसा शहाण्यासारखा बसलाय." मी गालातल्या गालात हसायचो. दार नाही म्हटल्यावर इंजिन तापायच्या आतच पाणी रेडिएटरकडे पळत होतं. गारठलेलं इंजिन पेट्रोल ढोसायला लागलं. न जळलेलं पेट्रोल खाली उतरून तेल पातळ करू लागलं. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा चिकट साका धरला. दारात उभी असलेली व्हॅन रोज सकाळी खोकायची आणि तिच्या प्रत्येक ढाशीला मला वाढदिवस असल्यासारखं वाटायचं. दादा म्हणायचे, "म्हातारी झाली बिचारी." मी मनात म्हणायचो, म्हातारी नाही हो, गारठलीय. विचारा तुमच्या भावाला.

थंडीत वहिनी दोन स्वेटर आणि हातमोजे घालून निघायच्या, कारण गाडीत आता गार वारा यायचा. त्यांची लाल झालेली बोटं बघून मला वाईट वाटायचं. पण थोडंच.

पुन्हा उन्हाळा आला. पुन्हा तोच चढ, पुन्हा लाल रेघ, आणि या वेळी बॉनेटमधून वाफ. वहिनींनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. व्हॅन दोराने ओढत घरी आली. पाव शाळेत पोचलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी भावजी बेकरीत बिस्किट खात म्हणाले, "वहिनी, इंजिन संपलं. शनिवारी भंगारवाला येतोय. हो म्हणा."

"गाडी गेली की माझी फेरी गेली," वहिनी म्हणाल्या. "शाळा दुसरी बेकरी बघणार. मग मी काय करू? ह्यांच्या पिठात बसून राहू?"

"माझ्या पिठाला नावं ठेवू नकोस," दादा भट्टीमागून म्हणाले.

वहिनींनी रागाने माझ्याखालची चिठ्ठी ओढली. मी घरंगळलो आणि कपाळ वर करून थांबलो. त्यांनी निरखून पाहिलं.

"भावजी, हा ब्याऐंशी आकडा कसला?"

"कंपनीचा नंबर असेल."

"माझ्या भट्टीवर कुणी उगाच आकडा लिहीत नाही."

त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं, मला दोऱ्याने त्यात लटकवलं आणि शेजारी पाकाचा थर्मामीटर सोडला.

माझ्या मनात दोन सूड होते. एक, अजिबात उघडायचं नाही. मग व्हॅन भंगारात, इंजिन वितळणार, आणि मला विसरलेल्यांचा हिशेब संपणार. दुसरा, बरोबर ब्याऐंशीला उघडायचं. मी पहिल्याच्या बाजूने होतो.

साठ. सत्तर. "सूप करतेस का गं?" दादांनी विचारलं. भावजी म्हणाले, "मीठ घाला, वहिनी." ऐंशी. "बघा, मेलाय तो. म्हटलं होतं ना मी?"

मेलाय म्हणाले. तिथे माझा पक्ष फिरला.

ब्याऐंशीला मी उघडलो. आधी केसाएवढा, मग पाणी तापत गेलं तसा सताड. वहिनींनी मला बाहेर काढलं, मी निवत निवत मिटलो. त्यांनी पातेल्यात गार पाणी ओतून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा ब्याऐंशी. भावजींनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"म्हणजे चोर हा नव्हता," वहिनी सावकाश म्हणाल्या. "मग गाडी तापली कशाने?"

भावजी उठून बाहेर व्हॅनपाशी गेले. इंजिन गार होतं, म्हणून त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं आणि पाणी सोडलं. गंजाचा तपकिरी चिखल बाहेर आला. जाळी निम्मी बुजली होती.

"कूलंट कुठेय यात?" वहिनींनी विचारलं. (कूलंट म्हणजे पाण्यात मिसळायचं, गंज धरू न देणारं द्रावण.)

"नळाचंच पाणी घालत होतो. सगळेच घालतात."

"मग मी मैद्याऐवजी चुना घालते उद्यापासून. दिसतो सारखाच."

मग माझा सूड सुरू झाला, आणि तो मी चवीने घेतला. भावजींनी रेडिएटर एकदा धुतला. वहिनी म्हणाल्या, अजून. पाणी काचेसारखं येईपर्यंत चार वेळा धुवायला लावला. घाण तेल बदललं, रेडिएटरचं झाकण नवं आणलं, शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून कूलंट मिसळलं. दोन्ही वेळा इंजिन वेळेवर बंद केल्यामुळे त्याचं डोकं, म्हणजे वरचा धातूचा भाग, तापून वाकलं नव्हतं. भावजी नवा थर्मोस्टॅट आणतो म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "हाच." ज्या बोटांनी मला परातीत टाकलं, त्याच बोटांनी मला पुसून जागेवर बसवलं.

"चुकलं, वहिनी."

"मला नका सांगू. त्याला सांगा."

त्यांनी इकडे-तिकडे बघितलं आणि माझ्याकडे तोंड करून हळूच म्हणाले, "चुकलं." मी मिटलेलाच राहिलो.

शनिवारी भंगारवाला आला. जुनं झाकण घेऊन गेला. सोमवारी पाव शाळेत वेळेवर पोचले, आणि काटा मध्यावर.

आता रोज सकाळी इंजिन धडधडतं, पाणी माझ्या पाठीवर थापा मारतं. मी दार उघडत नाही. आधी ब्याऐंशी दाखवा.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर कूलंट बघत जा, आणि तेही गाडी गार असताना. गरम झाकणाला हात लावू नका. काटा लाल झाला की थांबा. आणि जे कशासाठी आहे ते ठाऊक नाही, ते काढून फेकू नका. मला काढलंत तर मी भांडणार नाही. काटा खाली जाईल, तुम्ही खूश व्हाल. मी कुठल्या तरी टेबलावर शांत बसून राहीन आणि तुमच्या गाडीची पहिली ढास कधी ऐकू येते, याची वाट बघेन.