भाऊसाहेबांची दाढ

भाऊसाहेब सरकारी अनुवाद खात्यातून निवृत्त झाले आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये, मुलगा-सुनेच्या घरी बसून, माणसाच्या पहिल्या वाक्याचा शोध घेऊ लागले. आदिमानव आधी सुटे शब्द बोलायचा, मग कर्ता, कर्म, क्रियापद रांगेत उभे राहिले, हा त्यांचा सिद्धांत. पुरावा म्हणाल तर एक दाढ. शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेली, म्युझियममध्ये काचेआड 'आदिमानव' या पाटीखाली ठेवलेली. "अशी दाढ असलेला प्राणी मुका राहणं शक्यच नाही," असं ते दिल्लीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेऊन सांगत. पाहुण्याला खरं तर लाल किल्ला बघायचा असे.

सून अलकनंदा त्याच म्युझियममध्ये नोकरीला होती. रविवारी मराठी मंडळात भाऊसाहेबांचं व्याख्यान ठरलं होतं, आणि शुक्रवारी दाढेच्या नव्या स्कॅनचा रिपोर्ट आला.

"तूच सांग यार," सुधन्वा बायकोला म्हणाला. "तुझं ऑफिस मॅटर आहे."

"वडील तुझे आहेत."

"म्हणूनच."

संध्याकाळी चहा देताना तिने सुरुवात केली, "बाबा, ती दाढ आदिमानवाची आहे..."

"आहेच!"

"...असं आता कोणी म्हणत नाही. वाक्य संपू द्या ना. क्रियापद शेवटी येतं, हे तुमचंच म्हणणं."

"मग कोणाची?"

"रानडुकराच्या पूर्वजाची. झिजल्यामुळे माणसासारखी दिसायची."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला आणि चहा अर्धा टाकून ते आपल्या खोलीत गेले. हे त्या घरात प्रथमच घडत होतं.

शनिवारी ते एकटेच म्युझियममध्ये गेले. पाटी काढलेली होती. ते बराच वेळ काचेसमोर उभे राहिले. ड्यूटीवर असलेल्या अलकनंदाला राहवेना, ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"इतकी वर्षं मी डुकराला व्याकरण शिकवत होतो," ते म्हणाले.

तिने ओठ चावला. मग तेच आधी हसले.

रविवारी त्यांनी मंडळात ही हकिकत जशीच्या तशी सांगितली. पहिल्यांदाच त्यांच्या व्याख्यानात कोणी डुलकी घेतली नाही. शेवटी एका बाईंनी विचारलं, "मग पहिलं वाक्य जन्मलं तरी कसं?"

"ठाऊक नाही," भाऊसाहेब म्हणाले.

अलकनंदाने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

"तरीपण मला असं वाटतं की..." भाऊसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली, आणि तिने घाईघाईने सुधन्वाला समोसे आणायची खूण केली.