दोघांच्या मापाची गादी

मानमोडीच्या साथीत आमच्या ब्राह्मणपुरी गावात मरणं इतकी झाली, की रडायलासुद्धा पाळी लावावी लागे. दसरा होऊन गेला होता. शेतात कापूस फुटून लोंबत होता आणि तो वेचणारी माणसं एक तर तापाने पडलेली, नाही तर नदीकाठी पोचवलेली.

आमच्या घरात माझा थोरला भाऊ उखा आणि त्याची बायको कौसावहिनी एकाच दिवशी पडली. वैद्याने नाडी पाहिली, मान हलवली आणि शेजारच्या घरात मान हलवायला गेला. मग आम्ही दोघांनाही भुईवर घेतलं. माणूस खाटेवर मरू नये, म्हणून जीव जायच्या बेताला आला की त्याला सारवलेल्या जमिनीवर ठेवतात. जगायची थोडी आशा उरलेली असली, तर ती गारठ्याने जाते.

माझी आई, जमनाबाई, आधी काम आणि मग दुःख अशा वळणाची. तिने शेणाचे हात धुतले आणि मला म्हणाली, "भिला, शहादाले जाय. सुपडू पिंजारीले सेजनी गादी सांग. दोन मानसंनी."

"माय, दोन्ही जित्ता शेत अजून."

"मंग काय मरानंतर पळशी? तठे रांग लागेल शे."

सेज म्हणजे मेलेल्याच्या नावाने तेराव्याला भटजीला द्यायचं दान. खाट, गादी, उशी, छत्री, जोडे. इथे भटजी आडवा झाला की तिकडे आपल्या माणसाची पाठ टेकते, अशी व्यवस्था आहे. त्या महिन्यात गावाने इतक्या पाठी टेकवल्या होत्या, की भटजींच्या ओसरीत गाद्यांची रास आढ्याला लागली होती आणि ते स्वतः अंगणात घोंगडीवर झोपत.

रांगही खरीच होती. सुपडूच्या दारात कापूस उडत होता आणि सुपडू खोकत होता. खोकला कापसाचा की मानमोडीचा, हे त्यालाही सांगता येईना.

"एक मानूसनी का जोडानी?" त्याने विचारलं.

"जोडानी."

"जड कोन?"

"भाऊ जड. वहिनी म्हणजे तुरीची काडी."

सुपडूने पिंजण खाली ठेवलं. "मंग नरम नही चालाव. नरम करी तं जड मानूस खड्डा पाडी, आन हलकं मानूस रातभर त्या खड्डामा गडबडी. झोप दोन्हीसले नही."

त्याने अर्धवट भरलेली एक गादी ओढली आणि मला भावाच्या बाजूला झोपवलं. वहिनीच्या जागी सरकीचं पोतं ठेवलं. पोतं घरंगळत माझ्या अंगावर आलं. त्याने माझ्याखाली कापूस ठासला, मध्ये टाक्यांची एक ओळ घेतली आणि पुन्हा पोतं ठेवलं. असं पोतं आपल्या जागी राहीपर्यंत चाललं. घरी माझा भाऊ मरत होता आणि इथे मी सरकीच्या पोत्याशी संसार करून पाहत होतो.

"सुपडूकाका, मेलेल्यांसाठी एवढं कशाला?"

"जित्ता गिऱ्हाईक तक्रार लई मन्हा दारमा येस," तो म्हणाला. "मरेल मानूस कोठे तक्रार करस, ते माले ठाऊक नही. म्हनीसन धाक वाटस."

गादी तयार झाली. मी ती घेऊन घरी आलो तेव्हा उखाभाऊ गेला होता. वहिनी जायची होती. आम्ही भावाला पोचवून आलो, आंघोळी केल्या आणि तिची वाट पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले आणि भुईवरूनच विचारलं, "पेज शे का?"

घरात कोणी आनंदाने ओरडलं नाही. गादी दोघांची आली होती.

पेज मीच दिली. ती उठून बसू लागली. तापाने केस मूठमूठ गळत होते, पण दिवसाला वाटीभर पेज जात होती. मरणाच्या मानाने ही प्रगती वाईट नव्हती.

दुखवट्याला तिचे वडील नथ्थूआबा प्रकाशा गावाहून आले. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिला दुसरं लग्न करता येतं. प्रकाशात एकाची बायको याच साथीत गेली होती, घरात लहान पोर होतं, आणि पोरगी तर जेमतेम वीस वर्षांची. आबांनी हे ओसरीवर माझ्या कानात सांगितलं. आमच्या ओसरीवर एका कानात सांगितलेलं आईच्या दोन्ही कानांत जातं.

"नेशात कशी?" आई आतून म्हणाली. "सेज दोन्हीसनी देवानी शे. तिनी अर्धी बाजू उखानी शेजारे लागनार. मंग तिले दुसरानी बाजूले कशी झोपाडशात?"

हा नियम त्याआधी कोणी ऐकला नव्हता. तो आमच्या ओसरीवर त्याच दुपारी जन्माला आला. पण जमलेल्या सगळ्यांच्या अंगात कणकण होती आणि नियम खोटा पाडायला अंगात जोर लागतो. आबांचं तोंड उतरलं. नियम त्यांना चटकन पटला, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

"जमनाबाई, ती जित्ती शे."

"आज ना उद्या येईच ना तठे? जागा धरेल बरी."

मी आईला एकटीला गाठलं. म्हटलं, माय, हे बरं नाही.

ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "उखाले एकलाले झोप येस का रे? लगीन व्हयेपर्यंत मन्हा पदर धरीसन झोपे. तुम्ही हसेत त्याले." आणि तिने एक खडा उचलून लांब फेकला.  

आबा परत गेले. तेरावं झाल्यावर येतो म्हणाले. सेज एकट्याची गेली तर पोरीला घेऊन जाणार, दोघांची गेली तर डोळे पुसून जाणार.

वहिनीने मला बोलावलं. भिंतीला टेकून बसली होती. "भाऊजी, ती गादी अर्धी करी लया. तुमना पाय पडस."

"पाय पडू नका, उठवायला माणूस लागेल."

ती हसली. हसल्यावर बराच वेळ खोकली.

मी गादी गाडीत घातली आणि आईला सांगितलं की सुपडूकडून टाके पक्के करून आणतो. शहाद्यात सुपडूचं दार बंद होतं. शेजारचा म्हणाला, काल मातीत ठेवला. दुसरा पिंजारी कुठे? तो सुपडूच्या आधी गेला. मी गादी जशीच्या तशी परत आणली. विळ्याने मलाही कापता आली असती, पण कापलेली गादी शिवायला दाभण लागते, आणि मी परत येईपर्यंत घरातली दाभण आईच्या कमरेला खोचलेली होती. 

तेराव्याच्या सकाळी अंगणात खाट मांडली. तिच्यावर गादी, दोन्ही काठांवरून वीतभर बाहेर. दोन उशा. भावाचे जोडे आणि शेजारी वहिनीच्या वहाणा. वहाणा तिच्याच होत्या, त्यामुळे ती अनवाणी होती. आलेली माणसं मोजकीच. ज्यांना उभं राहता येत होतं ती. भटजींनी पाण्याचा तांब्या मागितला.

तेवढ्यात वहिनी भिंत धरत बाहेर आली. डोक्यावरचा पदर सरकला होता आणि आत केस जवळजवळ नव्हतेच. ती सरळ खाटेपाशी गेली, आपल्या बाजूला बसली, मग पाय वर घेतले आणि आडवी झाली.

"ऊठ," आई म्हणाली.

"मन्हीच बाजू शे ना ही?" वहिनी म्हणाली. "मंग जीव शे तवलोंग मीच वापरसू."

आणि तिने डोळे मिटले. आम्हाला वाटलं, हट्टाने मिटले. पण थोड्या वेळाने तिचं तोंड किंचित उघडलं आणि ती घोरू लागली. आजारी पडल्यापासून ती भुईवरच होती.

दानाची गादी कोरी लागते. माणूस झोपलेली चालत नाही. यावर भटजींपुढे पेच पडला. एक जण म्हणाला, अर्धीच वापरली आहे, उरलेली अर्धी कोरी. दुसरा म्हणाला, कापूस आतून एकच. तिसरा, ज्याला अजून ताप होता, तो म्हणाला की बाईसकट देऊन टाका. कोणी हसलं नाही. खरं तर त्याने विनोद केलाच नव्हता. भटजींनी एकदा गादीकडे पाहिलं, एकदा आपल्या घराच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाले, "नुसती खाट द्या. मला ती पुरे."

"मन्हा पोऱ्या सुंभवर झोपी?" आईने विचारलं.

भटजींनी तांब्या तिच्यापुढे सरकवला. त्यांच्या घरातूनही दोघं गेली होती.

खाट द्यायची तर गादी खाली घ्यायला हवी, आणि गादीवर वहिनी. चौघांनी चार कोपरे धरले. उचललं आणि चौघेही थबकले, कारण त्या महिन्यात त्यांनी माणसं अशीच उचलली होती, आणि पाय आपोआप नदीच्या वाटेकडे वळले. वहिनीने डोळे न उघडता म्हटलं, "हळू."

त्यांनी तिला हळूच ओट्यावर ठेवलं. आईने नुसत्या खाटेवर एकच उशी ठेवली, भावाचे जोडे ठेवले आणि पाणी सोडलं. वहाणा तिने पायानेच बाजूला सारल्या. भटजी खाट डोक्यावर घेऊन गेले.

त्या दिवसापासून आई काही न अंथरता भुईवर झोपू लागली. मी घोंगडी टाकली की ती गुंडाळून माझ्या उशाशी आणून ठेवी. वहिनीशी ती बोलली नाही, पण पेजेची वाटी आता तीच भरत असे. वाटी ठेवताना आपटे मात्र.

आबा गाडी घेऊन आले. सेज एकट्याची गेली हे त्यांना वेशीवरच कळलं होतं, म्हणून बैलांच्या गळ्यात घुंगरं तशीच ठेवली होती. वहिनीने बोचकं बांधलं. गादी ओट्यावरच होती; तिच्याकडे आबांनी पाहिलंसुद्धा नाही.

आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून भुईवर पडली होती. वहिनी उंबऱ्यात वाकली, हात जमिनीला लावला. "आत्याबाई, येस मी."

 बाहेर बैलाने मान हलवली.

मग आई भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तुले खरोखर झोप लागनी व्हती का त्या दिन?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"लागनी व्हती," ती म्हणाली.

"म्हंजे गादी चांगली व्हती," आई म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

वहिनी आणखी थोडी थांबली. मग मी बोचकं उचललं.