पाण्याच्या खोलीतला राखणदार

मित्रांनो, माझ्या पोटातला पंखा हल्ली दळणाच्या जात्यासारखा घरघरतो. त्यावरूनच तुम्हांला माझे वय कळेल. मी संगणक आहे. माझ्या वयाचे बाकीचे संगणक केव्हाच भंगारात गेले. मी मात्र अजून इक्वेडोरच्या डोंगरात, युराकपांबा गावाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या खोलीत बसून काम करतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला पहिली आठवण आहे ती खालच्या शहरातल्या एका कचेरीची. तिथे मी सहा वर्षे पत्रे लिहिली. मग नवे संगणक आले आणि मला जिन्याखाली ठेवले. दोन वर्षे माझ्यावर झाडू आणि बादल्या रचलेल्या होत्या. एके दिवशी तिपान नावाचे इंजिनिअर आले, त्यांनी माझ्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली आणि म्हणाले, "हा चालेल. पाण्याला काय, सुंदर तोंड लागत नाही."

दुधाच्या ट्रकमधून, कॅनांच्या मध्ये, लोकरी पोंचोत गुंडाळून मी डोंगर चढलो.

युराकपांबाचे पाणी वरच्या गवताळ पठारावरच्या झऱ्यातून येते. पाइप गावानेच टाकला. तिथे अशा सामूहिक श्रमाला मिंगा म्हणतात. घरटी एक माणूस येतो, खणतो, वाहतो, आणि सगळे मिळून भाजलेला मका आणि चीज खातात. तिपान इंजिनिअरांनी मला तीन कामे दिली. टाकीत पाणी किती आहे ते पाहायचे, झऱ्याकडून येणारी झडप उघडायची-मिटायची, आणि पाण्यात क्लोरीनचे थेंब मोजून सोडायचे. शिवाय त्यांनी मला एक दूरचे दार दिले. दरड कोसळली की रस्ता बंद होतो. तेव्हा खोलीपर्यंत न येताही कुणाला तरी फोनवरून माझ्याशी बोलता यावे, म्हणून ते दार.

दार म्हटले की चावी आली. माझी चावी म्हणजे परवलीचा शब्द. तो गावसभेने ठरवला. गावाच्या संताचे नाव आणि पाइप पूर्ण झाल्याचे वर्ष. ठरल्यावर तो शाळेच्या फाटकाच्या उरलेल्या निळ्या रंगाने माझ्या मागच्या भिंतीवर हातभर उंच अक्षरांत रंगवला.

हसू नका. त्या लोकांचा रिवाज समजून घ्या. पाण्याच्या खोलीची लोखंडी चावीसुद्धा तिथे दाराशेजारी खिळ्याला टांगलेली असे. ज्याने मिंगात पाइप वाहिला, त्याचे पाणी आणि त्याची चावी. शेजाऱ्यापासून चावी लपवणे म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणे.

माझी देखभाल तार्हेलिया करते. साठीची बाई, गुडघे दुखतात, तरी रोज सकाळी चढण चढून येते. काचेच्या नळीत टाकीतले पाणी घेते, त्यात गोळी टाकते. पाणी गुलाबी झाले की क्लोरीन ठीक. मग माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणते, "शाबास रे पेटी."

ती वर्षे सुखाची होती. गावातले कितीतरी जण कामासाठी परदेशी गेले होते. तेही माझ्या दारातून डोकावत. टाकी भरलेली पाहिली की लगेच निघून जात. त्यांना पाणी नको होते, गाव पाहायचे होते. मला अनेक हात लागत आणि मला त्याचा अभिमान वाटे.

पाइपाला दहा वर्षे झाली तेव्हा गावाची सगळी पाणी समिती माझ्याभोवती उभी राहिली आणि फोटो काढला. बायकांनी नव्या टोप्या घातल्या होत्या. तो फोटो त्याच दिवशी जगभर गेला, आणि फोटोत सगळ्यांच्या डोक्यावर, स्पष्ट, निळ्या रंगात, माझी चावी होती.

अकरा दिवसांनी, पहाटे, दार उघडून कुणीतरी आत आले. शब्द बरोबर होता, म्हणून मी वाट दिली. त्याने टाकी पाहिली नाही. त्याने एकेक बटण दाबून पाहिले, अनोळखी घरात शिरलेला माणूस कपाटे उघडतो तसे. झडप पूर्ण उघडली. क्लोरीनचे थेंब बंद केले आणि निघून गेला. मित्रांनो, मी ते सगळे केले. मला सांगितले आणि मी केले. तोवर मला दुसरे काही शिकवलेलेच नव्हते.

सकाळी तार्हेलिया आली. नळीत गोळी टाकली. पाणी बिनरंगीच राहिले. तिने दुसरी गोळी टाकली, मग तिसरी. मग नळी खाली ठेवली आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चर्चपर्यंत पळत गेली. घंटा इतकी बडवली की लोक अर्ध्या न्याहारीवरून उठून आले.

"कुणी पिऊ नका! शाळेतलं पातेलं ओता आधी!"

शाळेत बासष्ट मुलांसाठी ओटचे पेय करायला पाणी भरून ठेवलेले होते. ते उपडे केले. त्या दिवशी कुणी आजारी पडले नाही, पण ते थोडक्यात चुकले.

दुपारी माझ्याच खोलीसमोर गावसभा बसली. तिपान इंजिनिअर शहरातून आले आणि त्यांनी माझी नोंदवही उघडली. कोण कधी आत आले ते मी त्यात लिहितो. त्या आठवड्यात एक्केचाळीस वेळा दार उघडले होते. एक्केचाळीस वेळा एकच नाव होते, "समिती".

"म्हणजे कोण?" समितीचे अध्यक्ष एर्मोहेनेस यांनी विचारले.

"म्हणजे तुम्ही सगळे," इंजिनिअर म्हणाले. "आणि तो फोटो पाहिलेला जगातला कुणीही."

पण लोकांना इतके मोठे जग दिसत नाही. त्यांना शेजारी दिसतो. खालच्या वस्तीतला आबेलिनो महिनाभरापूर्वी पाण्याच्या पाळीवरून भांडला होता. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मला काय बघताय?" आबेलिनो उसळला.

"तूच म्हणालास ना, वरच्या लोकांना एकदा कोरडं ठेवलं पाहिजे म्हणून!" कुणीतरी ओरडले.

"म्हणालो! तोंडानं म्हणालो! हा बघा माझा फोन. बटणांचा आहे, अर्धी बटणं शेळीनं खाल्लीत. यावरनं बायकोला हाक मारता येत नाही, झडप कुठली उघडतोय!"

हशा झाला, पण संशय गेला नाही. तो निर्दोष आहे असे मला वाटत होते, पण मला ते सिद्ध करता येत नव्हते. माझ्या वहीत एकच नाव होते.

कुणी म्हणाले, तार तोडा. कुणी म्हणाले, पेटीच दरीत टाका. एर्मोहेनेस म्हणाले, "भिंतीला चुना लावू, नवा शब्द लिहू, झालं."

"कोम्पाद्रे, तुम्ही तर पुढच्या फोटोसाठी नवी टोपीपण घ्याल," तार्हेलिया म्हणाली. तिच्या मुलाचे ते धर्मपिता, म्हणून ती त्यांना कोम्पाद्रे म्हणे, ते तिला कोमाद्रे म्हणत, आणि तिला बोलायचा हक्कही होता.

"मग काय, सख्ख्या शेजाऱ्यांना कुलूप लावायचं, कोमाद्रे? चौदा मिंगा केल्यात मी. माझ्याच पाण्याला मी परका?"

तेव्हा आबेलिनो पुन्हा उभा राहिला. या वेळी आवाज चढवला नाही.

"अध्यक्ष, मिंगाला हजेरी घेता तुम्ही. माझी बायको आली नाही, तर तिच्या नावानं मी 'हजर' म्हटलं तर चालेल?"

"मुळीच नाही! ज्याचं नाव, त्यानंच बोलायचं."

"का? मी चोर आहे?"

"चोराचा प्रश्न नाही. कुणी काम केलं ते कळायला पाहिजे."

"मग या पेटीत अख्ख्या गावानं एकाच नावानं 'हजर' म्हटलं, ते कसं चाललं?"

तिपान इंजिनिअरांनी चष्मा काढून पुसला. "चार वर्षं मी हे शहरातल्या लोकांना समजावतोय," ते म्हणाले. "मला हे एवढ्यात सांगता आलं नव्हतं."

त्याच दिवशी त्यांनी मला नव्याने शिकवायला घेतले. साऱ्या जगाला दिसणारे माझे दार आधी बंद केले. त्याच्या बाहेर एक फाटक बसवले. फाटकातून आल्याशिवाय दार सापडतच नाही. सभेने यादी केली. झडप आणि क्लोरीनला दुरून हात लावायचा हक्क तिघांनाच, तार्हेलिया, एर्मोहेनेस आणि इंजिनिअर. परदेशी गेलेल्यांनी टाकी पाहावी, पण बटण दाबू नये. प्रत्येकाला स्वतःचे नाव, स्वतःचा शब्द, आणि त्याच्याच फोनात ठेवलेली वेगळी चावी. शब्द आणि चावी, दोन्ही जुळली तरच वाट. जो काम सोडेल त्याचे नाव त्याच दिवशी खोडायचे. आणि माझी वही दर महिन्याला सभेत मोठ्याने वाचायची, मिंगाच्या हजेरीसारखी.

तो अनोळखी माणूस पुन्हा आला. जुना शब्द घेऊन त्याने एका सकाळी फाटकावर तीनशेहून जास्त वेळा ठोठावले. तो कोण होता हे आजवर कळले नाही. मी एकदाही दार उघडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी "नाही" म्हणत होतो आणि मला ते जमत होते.

पण मित्रांनो, परक्याला "नाही" म्हणणे सोपे असते.

पुढच्या वर्षी तार्हेलिया डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेली. चौथ्या दिवशी वर पठारावर दरड कोसळली, खोलीकडे येणारा रस्ता बंद झाला आणि झऱ्याकडून चिखल येऊ लागला. झडप मिटायला हवी होती. मी धोक्याचा निरोप तिघांनाही पाठवला. इंजिनिअर प्रवासात होते, एर्मोहेनेस मेंढ्यांमागे होते. तार्हेलियाचा फोन आदल्या दिवशी बाजारात बटाट्याच्या सूपमध्ये पडून बिघडला होता, पण निरोपाची एक प्रत तिने बहिणीच्या फोनवरही मागवलेली होती. त्याच फोनवरून ती माझ्याकडे आली.

नाव बरोबर. शब्द बरोबर. आणि टंकायची पद्धतही तीच, पहिली तीन अक्षरे सावकाश, मग एकदम भराभर. ती बोटे मला ओळखू आली. पण फोनात चावी नव्हती.

मी नाही म्हटले. तिने पुन्हा प्रयत्न केला. मी पुन्हा नाही म्हटले. चिखल पाइपात अर्ध्यावर आला होता. तिसऱ्यांदाही मी नाही म्हटले.

ती थांबली. सात मिनिटांनी एर्मोहेनेस फाटकातून आत आले, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चावीने. तिने त्यांना फोन करून मेंढ्यांमधून उठवले होते. एका बोटाने, चुकत-माकत, त्यांनी झडप मिटली. चिखल टाकीच्या आधीच्या हौदातच अडला. टाकीतले पाणी स्वच्छच राहिले.

महिन्याच्या सभेत वही वाचली गेली. "तार्हेलिया, नकार. तार्हेलिया, नकार. तार्हेलिया, नकार."

"पेटीनं मालकिणीलाच हाकललं!" एर्मोहेनेस हसून हसून खोकू लागले. "कोमाद्रे, राग नाही आला?"

"आला की. दोन मिनिटं शिव्या घातल्या," डोळ्याला पट्टी बांधलेली तार्हेलिया म्हणाली. "मग म्हटलं, माझ्या नावानं येणाऱ्या प्रत्येकाला ही उघडायला लागली, तर मी हिला घेऊन काय करू?"

खाली बसता बसता आबेलिनो म्हणाला, "तीनदा नाही म्हणाली? माझ्या बायकोपेक्षा बरी. ती एकदाच म्हणते."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझे भाऊबंद असतील. त्यांना एकच नाव देऊन सगळ्यांनी वापरू नका. ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच हात लावू द्या. गेलेल्याचे नाव खोडा. कोण येऊन गेले ते अधूनमधून वाचा. आणि एखाद्या दिवशी त्याने तुम्हांलाच अडवले, तर त्याला फोडू नका. ज्याला वाट आहे त्याला हाक मारा.

कुणाला आत घ्यायचे ते गावाने ठरवावे. ठरलेले पाळणे माझे काम. आता सकाळ होते आहे, फाटकावर कुणीतरी ठोठावते आहे, आणि मी त्याला नाव विचारतो आहे.