आबांच्या गळ्यातलं तांबं

धोंडिराम आबा घरातून निघून जायला लागले, तेव्हा आम्रपालीनं आधी बाजारातले उपाय करून पाहिले. नाव-नंबर लिहिलेला पट्टा वडिलांच्या मनगटात घातला. तो त्यांनी दातांनी तोडला. खिशातली चिठ्ठी फाडली. मोबाइल तर उशीखालीच राहायचा. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांचं आयुष्य सांगली–सातारा रस्त्यावर गेलं होतं. आता बायकोचं नाव कधी आठवायचं, कधी नाही, पण पाय स्टँडचा रस्ता विसरत नव्हते.

हातातलं तांब्याचं कडं मात्र ते कुणाला काढू देत नसत. त्यावरूनच आम्रपालीला सुचलं.

विश्रामबागेतल्या घराच्या मागच्या खोलीत ती तांब्याच्या मातीचे दागिने करायची. माती नावालाच, तांब्याची बारीक पूड, त्यात चिकटा आणि पाणी. कणकेसारखी मळायची, आकार देऊन सुकवायची, मग डब्यात करवंटीच्या कोळशात पुरून विजेच्या भट्टीत भाजायची. चिकटा जळून जातो, तांब्याचे कण एकमेकांना धरतात आणि निखळ तांबं उरतं, थोडं आक्रसलेलं.

तिनं मातीचा गोळा आबांच्या हातात दिला.

"कणीक हाय का?"

"तांबं हाय, आबा. दाबा तुमी."

त्यांनी अंगठ्यानं गोळा चपटा केला. बराच वेळ दाबत बसले. कितीतरी दिवसांनी त्यांचं कशात तरी मन लागलेलं तिनं पाहिलं. त्या चपट्या पदकाच्या दुसऱ्या बाजूला तिनं ठशांनी वर नाव उमटवलं, खाली स्वतःचा नंबर.

दर भाजणीत ती एक साधी पट्टीही ठेवायची. पट्टी वाकवून बघायची. मोडली, तर सगळा माल पुन्हा भट्टीत. त्या दिवशी साताऱ्याच्या प्रदर्शनासाठी कानातली करायची होती. पदकासकट डबा गच्च भरला होता. बाहेर आलेलं पदक घासल्यावर लख्ख दिसलं आणि पट्टी कोळशातच राहून गेली.

निळ्या गोफात ओवलेलं ते पदक आबांनी काढलं नाही. आम्रपालीच्या आई आक्काताई कितीतरी दिवसांनी दुपारच्या निवांत झोपल्या.

त्याच आठवड्यात आबा पुन्हा घरातून निघून गेले. स्टँडवर नव्हते, बाजारात नव्हते. "गळ्यात नंबर हाय, कुणीतरी फोन करंल," असं आक्काताई म्हणत राहिल्या. आम्रपाली फोन हातात धरून बसली. दुपार सरली, तरी तो वाजला नाही.

शेवटी वाजला तो तानाजीकाकांचा. ते आबांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर. निवृत्त एसटीवाल्यांच्या ग्रुपवर फिरत फिरत आबांचा फोटो आला होता. आबा साताऱ्याच्या रस्त्यावर मलकापुरात होते, हायवेलगतच्या एका चहाच्या टपरीवर.

मायलेकी गाडी करून गेल्या. आबा बाकड्यावर बसून बिस्किट खात होते. टपरीवाल्या रंगूबाईंनी गोफ पुढं केला. पदकाचा वरचा तुकडा तेवढा त्यात होता, अंगठ्याचा ठसा अर्धा.

"आवं, नाव हाय, पण खालचं तुटलंय. म्हून भाच्याला फोटू टाकाया लावला," रंगूबाई म्हणाल्या. "हायवे वलांडाया निघालेले. गाड्या सुसाट. मी पळत गेले, गळ्यातलं वाचलं आन् नावानं हाक मारली. तवा थांबले."

आम्रपालीनं तुकडा उजेडात धरला. तुटलेली कड विटेसारखी रवाळ, निस्तेज होती. कण एकमेकांना धरलेच नव्हते.

"कशानं तुटलं गं?" आक्काताईंनी विचारलं.

"कच्चं राहिलं होतं, आई. मी वाकवून बघायची पट्टी बघितलीच न्हाई."

परतीच्या वाटेत आक्काताईंनी आबांचा हात सोडला नाही आणि लेकीकडं एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाची कानातली आम्रपालीनं एकेक करून वाकवून पाहिली. बरीच मोडली. तिनं प्रदर्शनाला जायचं रद्द केलं. मग आबांसमोर नवा गोळा ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. पुन्हा दिला, तर उठूनच गेले.

या वेळचं पदक तिनं एकटीनंच केलं, अंगठ्याच्या ठशाशिवाय. डब्यात दुसरं काही ठेवलं नाही, भट्टी जास्त वेळ चालू ठेवली. पट्टी दुमडली, पुन्हा सरळ केली, मोडली नाही. तरीही तिचा विश्वास बसेना. ती पदक बोटांनी पिळत राहिली.

गोफ बांधायला आक्काताई पुढं झाल्या. आबांनी मान मागं घेतली.

"हे माझं न्हाई."

"व्हय, माझंच हाय," आक्काताई म्हणाल्या. "तुमी वाईस संभाळा."

आबांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मग मान पुढं केली.

"उतरताना आठवणीनं मागून घ्या, बाई," ते म्हणाले.

"घेईन," आक्काताई म्हणाल्या. गोफाची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दाराला कडी घालायला गेल्या.