गाण्यात निघून गेलेली बायको

निहारचं गाणं रेडिओवर लागलं, तेव्हा आसावरी हॉस्पिटलच्या लॅबमधून घरी निघाली होती. टेक्सासमधल्या शुगर लँडचा चिकट उन्हाळा, पुढे गाड्यांची रांग आणि वर नवऱ्याचा दुःखी आवाज. गाण्यातली बायको चाव्या टेबलावर ठेवून निघून गेलेली आणि हा बिचारा या मोटेलातून त्या मोटेलात भटकतोय.

बिचारा म्हणे! खरी बायको कुठेही गेली नव्हती. इंजिनिअरची नोकरी सोडून निहारने कंट्री म्युझिकचं खूळ डोक्यात घेतलं, तेव्हापासून घर तीच एकटी ओढत होती. दर शुक्रवारी तो टेक्सासभर गायला निघाला की घरच्या रीतीप्रमाणे त्याच्या तळहातावर दही घालायची. ते चाटून तो हात खुशाल जीन्सला पुसायचा आणि ती दरवेळी ओरडायची.

पण गेल्या महिन्यात गाणं गाजलं आणि महाराष्ट्र मंडळातल्या वैदेहीकाकू डोळे पुसत डबा घेऊन आल्या. नागपूरहून सासूबाईंचा फोन आला, "झालं गेलं विसर गं, घरी परत ये."

"आई, मी घरीच आहे. कुकर लावतेय."

आज गाडीत गाणं संपल्यावर रेडिओवरच्या निवेदकाने स्टुडिओत बसलेल्या निहारला विचारलं, हे खरंच घडलंय का? आसावरीने रेडिओचा आवाज वाढवला. आता तरी हा आपलं नाव घेईल, अशी तिला वेडी आशा वाटली.

"शब्द न् शब्द खरा," निहार म्हणाला. "आता एकटाच राहतो मी."

तिला रडूही आलं नाही. नुसता थकवा आला, अगदी हाडांपर्यंत.

संध्याकाळी तो उड्या मारतच घरी आला. "ऐकलंस? अगं, कंट्री गाण्यांत सुखी माणूस चालत नाही यार! मार्केटिंग असतं ते."

"हो," ती म्हणाली. रात्री दूध तापवलं, पण विरजण लावायला तिचा हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गिटार गाडीत टाकून निहार दारात आला आणि त्याने हात पुढे केला.

"दही नाहीये," ती म्हणाली. "लावलंच नाही."

"का गं?"

"एकटा राहतोस ना तू?"

तो हसायला गेला. ती हसली नाही. हात तसाच पुढे राहिला थोडा वेळ. मग सवयीने त्याने तो कोरडाच जीन्सला पुसला आणि तिच्याकडे बघत थांबला.

आसावरी ओरडली नाही.